शेवंती नाक्यावर का थांबते

गजामामा,

तुझ्या दहाव्याला काय झालं ते तुला मीच सांगितलेलं बरं. मामी सांगायला बसली तर त्यात शेवंतीचा काहीच दोष नसेल, आणि महेशदादा सांगायला बसला तर सगळा दोष शेवंतीचाच असेल. तू नेहमी म्हणायचास, "सुजे, तू आपलं मधलंच बोलतेस. कुठल्या तरी एका बाजूला पड ना." आज पडणार आहे. पण त्याआधी आपलं भांडण पुरं करायचंय. ते तू अर्ध्यावर टाकून गेलास. मी जेवताना तुला सरळ प्रश्न विचारला होता. तू हात धुतलेस, "जरा पडतो, उठल्यावर सांगतो" म्हणालास, आणि उठलाच नाहीस. वाद चालू असताना माणसाने असं करू नये.

हे मी कॉलेजच्या अंकासाठी लिहितेय. मॅडम म्हणाल्या, मनात आहे ते लिही. मनात तूच आहेस, पण अंक वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस, म्हणून तुझी ओळख तुलाच सांगावी लागतेय. राग मानू नकोस.

तू शिरगावचा घोडीवाला. लग्नसराईत पालघरपासून बोईसरपर्यंत नवरदेवांना मारुतीच्या देवळात नेऊन आणायचं आणि एरवी किनाऱ्यावर पोरांना फिरवायचं, हे तुझं काम. शेवंती तुझी घोडी. पांढरी, शांत आणि जाड. मी तुझ्या बहिणीची मुलगी, माकुणसारची. पालघरच्या कॉलेजात जायचं म्हणून तुझ्याकडे, मामी आणि तुझा मुलगा महेशदादा यांच्यात राहायला आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काय घालून जायचं, कुठे बसायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तू म्हणालास, "घोडीवरून सोडतो." मी घाबरून रिक्षा केली, कारण मला घोड्याची भीती वाटते. फाटकाशी उतरून मागे बघते तर तू शेवंतीला झूल, गोंडे, कपाळावर चांदीचा चंद्र, सगळं घालून रिक्षाच्या मागोमाग आलेला. मुलं विचारत होती, "वरात कोणाची?" तू मोठ्याने सांगितलंस, "आमच्या सुजीची. कॉलेजात चाललीय." मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. आता ते आठवलं की वाटतं, दुसऱ्या कुणाला असं कोणी पोचवलं नसेल.

शेवंती जाड का झाली, हे तुझ्याशिवाय सगळ्यांना दिसत होतं. नवरदेव चढायच्या आधी करवली घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ भरवते. मग वाटेत प्रत्येक मांडवाशी कोणी पेढा, कोणी लाडू. बोईसरच्या कॉलनीतली लग्नं असली की जिलेबी, तीही परातभर. एकदा जिथे गोड मिळालं ती जागा शेवंती जन्मात विसरायची नाही. वरात कितीही घाईत असो, बँड पुढे निघून जायचा आणि नवरदेव कोणाच्या तरी दारासमोर टांगून राहायचा. आणि वर तू, रोज सकाळी फिरवायला न्यायचास तेव्हा नाक्यावर लल्लनच्या गाड्याशी एक जिलेबी तिला, एक तुला. "सकाळची बोहनी," असं म्हणायचास.

मग एका लग्नात बँडवाल्याने तुला विचारलं, "चाचा, घोड़ी पेट से है क्या?"

तू घरी येऊन शेवंतीभोवती दोनदा फिरलास आणि मामीला म्हणालास, "मला पण वाटतच होतं." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "पण मामा, घोडा कुठला?" तू म्हणालास, "केळव्याच्या किनाऱ्यावर एक हाय." मामी म्हणाली, "सुजे, असलं मोठ्या माणसांना विचारायचं नसतं."

मामीने तिचं डोहाळजेवण केलं. पाठीवर हिरवं लुगडं, गळ्यात फुलांचा हार, गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला. पाच तऱ्हेचं गोड होतं आणि शेवंतीने पाचही तऱ्हा संपवल्या. त्यानंतर रोज कोणी ना कोणी तिला काहीतरी आणून देत होतं, कारण ती दोन जीवांची. घोडीला अकरा महिने लागतात. अकरा गेले, वर्ष गेलं. तू म्हणत होतास, "मोठं येणार हाय, वेळ लागतोय."

शेवटी पाय दुखायला लागले म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोट तपासलं, मग मानेवर हात ठेवला. मानेच्या वरच्या कडेला चरबीची घट्ट वळकटी झाली होती. ते म्हणाले, "हिच्या पोटात कोणी नाही. हा मेटाबॉलिक सिंड्रोम आहे."

"मराठीत काय म्हणतात त्याला?"

"मराठीत लाड म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. हिच्या शरीराला आता साखर पेलत नाही. चरबी जिथे बसू नये तिथे बसते. त्याने खूर सुजतात आणि लिव्हर खराब होतं. गूळ, डाळ, जिलेबी बंद. वाळलं गवत, तेही पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून, कारण त्या पाण्यातून गवतातली थोडी साखर निघून जाते. खुरांची सूज उतरली की रोज चालवायचं. तू मान हलवत होतास. मामी आत जाऊन हिरव्या लुगड्याची घडी घालत होती.

त्या आठवड्यात एकादशी आली. तुला वाटलं, लाड केल्याचं प्रायश्चित्त घ्यावं. तू उपास धरलास आणि शेवंतीलाही धरायला लावलास. दिवसभर गवताची काडी नाही. संध्याकाळी ती मान खाली घालून उभी होती, तेव्हा मी डॉक्टरांना फोन लावून तुझ्या कानाला दिला. ते एवढ्या जोरात ओरडले की मलाही ऐकू आलं. जाड घोड्याला उपाशी ठेवलं की अंगातली चरबी सुटून रक्तात येते आणि लोंढ्याने जाऊन लिव्हरवर बसते. घोडी त्याने दगावते. तू फोन ठेवलास, गवत टाकलंस आणि ओट्यावर बसून म्हणालास, "खाल्लं तरी लिव्हर, नाय खाल्लं तरी लिव्हर. मग घोड्याने करायचं काय?"

मामा, एम.एस्सी.ला प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांना कॅन्सर हवा होता. मॅडमनी विचारलं, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत घोड्याच्या यकृताच्या पेशींवर काम आहे, कोण जाणार? माझा हात आपोआप वर गेला. मला वाटलं, घोडे मला माहीत आहेत. ते काही खरं नव्हतं. पण तुझा प्रश्न मला माहीत होता.

आणि पेशींना दात नसतात.

सुट्टीला घरी आले की तू विचारायचास, "कसे हायत ताटलीतले घोडे?" मी सांगायचे. काचेच्या छोट्या ताटलीत पेशी वाढवायच्या. त्यांच्यावर चरबीतलं एक आम्ल टाकायचं, म्हणजे आजारी घोड्याच्या लिव्हरसारखी त्यांची अवस्था होते. पेशींत तेलाचे थेंब साठतात, पेशी फुगतात, मरायला लागतात. मग दुसऱ्या ताटलीत एक प्रथिन द्यायचं. हे प्रथिन लिव्हर स्वतःच बनवतं आणि रक्तात सोडतं, पण या आजारात ते कमी पडतं. ते वरून दिलं तर पेशी चरबीचा मारा सोसू शकतात का, एवढंच बघायचं.

"म्हणजे लिव्हर आपलं औषध आपणच बनवतं," तू म्हणालास, "आणि जाड झालं की बनवायचा कंटाळा करतं?"

"जवळजवळ तसंच."

"माझ्यासारखंच हाय."

ते तू गमतीत म्हणालास आणि पुढच्याच महिन्यात तुझी सोनोग्राफी झाली. तुझ्याही लिव्हरवर चरबी. तुला आजाराचं काही वाटलं नाही, बदनामीचं वाटलं. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोक ताडीच्या माडाकडे बघतात, आणि तू आयुष्यात ताडीचा थेंब घेतलेला नव्हतास. तू मला नाक्यावर घेऊन गेलास, चार माणसं गोळा केलीस आणि म्हणालास, "सांग यांना." मी तिथे उभी राहून न पिता लिव्हरवर चरबी कशी चढते ते सांगितलं. कॉलेजबाहेर माझं पहिलं व्याख्यान तेच. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "म्हणजे गजा, तू घोडीबरोबर जिलेब्या खाऊन हे केलंस? त्यापेक्षा ताडी बरी होती." तू तिथून तडक निघालास.

तेव्हापासून घरात दोन आजारी. मामीने डॉक्टरांनी शेवंतीसाठी लिहून दिलेला कागद भिंतीला लावला आणि तुलाही त्याच मापाने वागवायला लागली. तिला भिजवलेलं गवत, तुला उकडलेला दुधी. दोघांनी सकाळी चालायचं. तू म्हणायचास, "तिचं ताट बरं दिसतंय."

ताटल्यांचं म्हणशील तर ज्यांना ते प्रथिन दिलं त्यांतल्या पेशी जास्त टिकल्या. सगळ्या नाही. मी फोनवर सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "मग आता शेवंतीला ते टोचायचं का?" मी म्हटलं, नाही मामा, ताटलीतून घोड्यापर्यंत यायला अजून खूप वर्षं जातील, कदाचित येणारही नाही. "मग तोवर?" तोवर गवत आणि चालणं. "म्हणजे एवढं शिकून डॉक्टरांनी सांगितलं तेच," तू म्हणालास. पण पुढच्या लग्नात नवरदेवाच्या बापाला तूच सांगत होतास, "गूळ नको. माझी भाची घोड्याचं लिव्हर ताटलीत वाढवते." त्या माणसाने आपलं ताट जरा लांब सरकवलं, असं महेशदादा सांगतो.

आता भांडण.

काही महिन्यांपूर्वी मी सकाळची बस धरायला नाक्यावर आले आणि तुम्ही दोघं लल्लनच्या गाड्याशी उभे दिसलात. शेवंतीची मान कढईकडे. तुझे हात पाठीमागे. मी कधी चारचौघांत ओरडत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी ओरडले. मी म्हटलं, मी तिकडे एकेक पेशी जगवायला धडपडतेय आणि तू इथे कढईसमोर उभा. तू एवढंच म्हणालास, "घोडीला विचार." मी म्हटलं, घोडी थांबलीय यातच उत्तर आलं. तू म्हणालास, "सुजे, तुझ्या ताटलीतल्या घोड्याला नाक नसतं."

मी बस पकडली. मग दर सुट्टीला मी विचारत राहिले, "खरं सांग, देतोस ना तिला जिलेबी? खातोस ना?" आणि तू हसत राहिलास. शेवटच्या दुपारीही विचारलं. उठल्यावर सांगतो, म्हणालास.

तुझ्यानंतर पहिला प्रश्न शेवंतीचा आला. महेशदादाची तारापूरच्या कारखान्यात पहाटेची पाळी. मामीचे गुडघे. बोईसरचा एक बँडवाला तिला न्यायला तयार होता. महेशदादा म्हणाला, "तिथे तिला रोज लग्न." मला डोळ्यांसमोर नुसत्या पराती दिसल्या. पण बोलायला तोंड नव्हतं. एवढी वर्षं तुझ्या घरी राहून मी तिच्या दोरीला हात लावला नव्हता.

दहाव्याला किनाऱ्यावर सुरूच्या झाडांशी पिंड ठेवला. मामीचा हट्ट, शेवंतीलाही आणायची. महेशदादाने तिला एका सुरूला बांधली. मासळी वाळत घातली की ज्यांना हाकलून हात दुखतात ते सगळे कावळे वर फांद्यांवर बसून बघत होते. एकही खाली येईना.

महेशदादा हात जोडून म्हणाला, "बाबा, घराची कौलं बदलतो." काही नाही. माझी आई म्हणाली, "दादा, सुजीचं शिकणं आमी थांबवणार नाय." एका कावळ्याने मान वळवली, पण आला नाही. मग मामी म्हणाली, "तो गुळात अडकलाय. दुसरं काय नाय. महेश, बोल, घोडीला पूर्वीसारखा गूळ देऊ."

सगळे म्हणायला लागले, "बोलून टाक रे. बोलायला काय जातंय?"

"नको," मी म्हटलं.

सगळे वळले. मी म्हटलं, "बोललं तर द्यावा लागेल. तिला तो सोसणार नाही."

भटजींनी घड्याळ बघितलं. "मला मुरबे गावात अजून एक दहावा आहे," ते म्हणाले आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला.

महेशदादाचा आवाज चढला. रागात नव्हता, दमला होता. "मग तू सांग ना. सकाळी हिला फिरवणार कोण? मी बँडवाल्याला हो म्हणून बसलोय. तू हात तरी लावतेस का तिला?"

मी सुरूखालच्या शेवंतीकडे बघितलं. मग म्हटलं, "मी फिरवते."

"काय म्हणाली?" मामीने विचारलं.

"मी फिरवते तिला. रोज. प्रकल्प संपलाय, आता मी इथेच आहे."

हे दोनदा बोलावं लागलं आणि तेवढ्या वेळात शेवंतीने गाठ सोडवली. तुझी गाठ तिला कधी सुटली नाही, महेशदादाची नेहमी सुटते. ती माणसांमधून हळूच वाट काढत आली, पिंडाचा वास घेतला आणि तिळासकट एका घासात संपवला.

भटजींच्या हातात दर्भाचा अर्धा कावळा तसाच राहिला. "हे आमच्याकडे सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

"शिवली ना पण," मामी म्हणाली. "कावळ्यापेक्षा ती जवळची होती त्याला."

"कावळाच लागतो, वहिनी."

तेवढ्यात वरून एक कावळा उतरला, शेवंतीच्या पुढच्या पायांपाशी सांडलेली शितं टिपली आणि गेला. "शिवला," भटजी म्हणाले आणि पिशवी उचलून मुरब्याला निघाले.

जेवताना सगळे भांडत होते की तू नक्की कशावर मानलास. महेशदादाच्या मते कौलं. आईच्या मते शिक्षण. मामीच्या मते तू येऊन जेवून गेलास, तेवढंच. मी बाहेर उभी राहून डॉक्टरांना फोन करत होते, कारण भाताचा एवढा गोळा तिला चालत नाही. त्यांनी विचारलं, "केवढा?" मी हाताने दाखवला. फोनवर. ते म्हणाले, "उद्या नीट चालवा तिला." महेशदादाने बँडवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. मला म्हणाला, "चार दिवस बघतो, सुजे. नाय जमलं तर तो येऊन नेईल."

आज सकाळी मी दोरी धरली. खरं म्हणजे तिनेच धरू दिली. पहिल्यांदा मी तिच्या इतक्या पुढे चालत होते की दोरी ताणली जात होती. मग तिने माझ्या खांद्यावर श्वास सोडला, मी जागच्या जागी उडी मारली आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. किनाऱ्यावरून किल्ल्यापाशी गेलो, परत आलो. नाक्यावर लल्लनच्या गाड्याशी ती थांबली.

मी ओढलं. हलली नाही. मी म्हटलं, "चल शेवंती." नाही. लोक बघायला लागले. मला चार दिवसांतला पहिलाच दिवस हातचा गेल्यासारखं वाटलं, आणि तुझा खूप राग आला. मी लल्लनला म्हटलं, "भैया, आप इसको जिलेबी मत देना. मामा देते थे, पता है, पर अब नहीं."

लल्लनने झारा कढईवर टेकवला. तो पूर्वी बोईसरच्या कारखान्यात होता, मोजकंच बोलतो. म्हणाला, "चाचा कहाँ देते थे? उन्होंने तो कब का बंद कर दिया था. न घोड़ी को, न खुद. हम बोलते थे, एक ले लो चाचा, पैसा मत दो. बोलते थे, भांजी ने मना किया है. बस, दोनों थोड़ी देर खड़े रहते थे. ख़ुशबू लेते थे. फिर चल देते थे."

मामा, हे तू मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी जिंकले, एवढंच झालं असतं ना.

मग मी दोरी सैल सोडली आणि तिच्या शेजारी उभी राहिले. कढईत नवा घाणा पडला. शेवंतीने नाकपुड्या रुंद करून एक लांब श्वास घेतला. मीही घेतला. खरंच खूप छान वास येतो. काही वेळाने ती आपणहून वळली आणि घराकडे निघाली. किती वेळ थांबायचं ते तिला ठाऊक होतं.